पेटाऱ्यातले दोन पट्टे

कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढला की मानेवरचे केस बरेच दिवस दबलेले राहतात. लांबून पाहणाऱ्याला पट्टा आहेच असं वाटतं. आमच्या दोन्ही कुत्र्यांच्या मानेवर तशा रेघा मी पाहिल्या, गाव सोडायच्या दिवशी सकाळी, अगदी जवळून. मी वडिलांना विचारलंही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गेल्या पौषात ते गेले. तेव्हापासून ओटीवर माणसं येतात, बसतात, पाणी पितात आणि उठताना एकच वाक्य बोलतात: “वकील असून आयुष्यात कधी खोटं बोलला नाही.” पहिल्या दोन दिवसांत मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी मान हलवायचं थांबवलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोरगी दुःखानं दगड झालीय.” दुःख आहेच. मला अक्षर त्यांनी गिरवून दिलं, आमच्या गावात मुली चौथीनंतर घरी बसत तेव्हा मला पुढे शिकवलं, लग्नाची घाई केली नाही. मी आज मुलींच्या शाळेत शिकवते ती त्यांच्यामुळे. पण दुःखानं राग विझत नाही. आमच्या घरात तो नऊ वर्षं चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली होता, आणि राख मीच घालत होते.

आमचं घर चौलच्या अलीकडे, समुद्रापासून दोन शेतांवर. मागे माड-पोफळींची वाडी, वाडीत रहाट आणि एक लहानशी तळी. घरात आम्ही तिघं, अण्णा, आई आणि मी. अण्णा तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. आणि दोन कुत्री. एक म्हातारी होत चाललेली पिवळसर कुत्री आणि तिचा काळा लेक. त्यांना नावं होती, ती मी लिहिणार नाही. जेवण झालं की अण्णा आपल्या ताटातली तूप लावलेली पोळी अर्धी-अर्धी करून दोघांना हातानं भरवत. म्हातारी तोंडात धरून लांब कोपऱ्यात जाई. काळा मात्र तिथंच, अण्णांची बोटं ओली करत खाई. पोळीवर त्याचा फार जीव. पोळी धरलेला कुठलाही हात त्याला अण्णांचाच हात वाटे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. अण्णांच्या एका अशिलाचा माथेरानचा बंगला तीन आठवडे रिकामा होता, तो त्यानं अण्णांना देऊ केला. आई लग्नानंतर एकदा हरिहरेश्वराला जाऊन आली होती, तेवढाच तिचा प्रवास. ती हरखून गेली. मी सोळा वर्षांची होते आणि कुठली पुस्तकं न्यायची याखेरीज मला दुसरी चिंता नव्हती.

कुत्र्यांचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी निघाला. वाडीतला गडी मे महिन्यात माणगावकडे आपल्या गावी भातपेरणीआधी राब भाजायला जात असे. गाय शेजाऱ्यांनी बांधून घ्यायचं कबूल केलं, पण कुत्री कुणाला नको होती. राहिली एक मावशी.

ही मावशी कोळीवाड्यातली. नवरा होडीवर, ती मासळी सुकवायची, आणि उरलेल्या वेळात आमच्या वाडीत झाप विणायची. वाडीत गळून पडलेल्या झावळ्या तिच्या, असा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज होता. बदल्यात ती वाडी झाडून घ्यायची आणि आमच्या रहाटावर, गोठ्यावर पावसाआधी झाप घालून द्यायची. झावळ्या ती तळीत भिजत टाकी, मग चिरून अंगणात बसून विणी. तिच्या स्वतःच्या घराचं छप्पर त्याच झापांचं. आणखी दोन वाड्यांमधल्या झावळ्याही तिच्याकडे होत्या. उरलेले झाप ती गावात विकी.

अण्णांनी तिला विचारलं तेव्हा ती अंगणात उकिडवी बसून विणत होती. काळा तिच्या पाठीला पाठ लावून पसरला होता.

“काय गो, तीन आठवडे ह्या दोघांकडे बघशील?”

“बगंन की. त्यात इचारायचा काय? माज्या घरा नेते दोगांना. पोरं हायत, त्यांच्यासंगं खेलतील.”

आई दारातून म्हणाली, “घरी नको गं. तुझ्याकडे मासळी.”

“मासली हाय तं काय झाला वैनी? मासली काय कुत्र्याला खाते?”

“तसं नव्हे. आमची मासे खात नाहीत. एकदा तोंडाला लागलं की मग घरात कशी घ्यायची? ओटीवर येतात, माजघरात येतात, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जातात.”

मावशीनं विणणं थांबवलं आणि काळ्याचे कान धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. “आगो बाय! कुत्रा पन बामनाचा व्हय! मुंज कवा झाली रं तुजी?”

आम्ही सगळे हसलो. अण्णा तर इतके, की त्यांना ठसका लागला. त्या घरात आम्ही सगळे मिळून असे पुन्हा हसल्याचं मला आठवत नाही.

मग नियम ठरले. कुत्री घरीच राहतील, ओटीवर. मावशीनं सकाळ-संध्याकाळ यायचं, हात धुवायचे, मागच्या पडवीतल्या चुलीवर वेगळ्या मडक्यात भात करायचा, शेजारून ताक आणून कालवून घालायचा. कोळीवाड्यात न्यायचं नाही. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमी सांगाल तसा. पन अन्ना, दोन येला येऊन जानार मी. मदल्या वक्ताला काय झाला तं?”

“काय व्हायचंय? गावात कोण ओळखत नाही ह्यांना?”

ते खरंच होतं. गावात सगळे ओळखत.

घर बंद करण्याची अण्णांची एक पद्धत होती. निघायच्या आदल्या दिवशी घरातलं पितळ आणि तांबं गोळा व्हायचं. समया, पळी-पंचपात्र, घंगाळ, तपेली, अडकित्ता. झोपाळ्याच्या कड्यासुद्धा पितळी म्हणून काढल्या जायच्या आणि झोपाळा भिंतीला टेकून उभा राहायचा. सगळं माजघरातल्या शिसवी पेटाऱ्यात, वर कुलूप, चावी अण्णांच्या जानव्याला. आजोबांच्या वेळी एकदा चोरी झाली होती, तेव्हापासूनचं हे. चोर पितळ नेतो, असं अण्णा म्हणत, बाकी काही नेत नाही.

कुत्र्यांचे पट्टे त्यांनी मुंबईहून करून आणलेले होते. चामडं जाड, बकल चकचकीत, आणि पुढे लहानशी पितळी पाटी, तिच्यावर अण्णांच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली.

सकाळी बैल जुंपलेली दमणी दारात उभी होती. मी कुत्र्यांना थोपटायला वाकले, तर माना मोकळ्या. नुसत्या दबलेल्या केसांच्या रेघा.

“अण्णा, पट्टे?”

“पेटाऱ्यात ठेवलेत. पितळ आहे त्यांना. आल्यावर घालू.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि पुस्तकांची पिशवी उचलली. अण्णांनी काळ्याला ओटीच्या पायरीवर बसवलं. “बस. घर सांभाळ.” तो बसला. दमणी वळेपर्यंत तो तिथंच बसलेला मला दिसत होता.

रेवसहून बोट, भाऊचा धक्का, आगगाडी, नेरळ, मग ती खेळण्यासारखी छोटी गाडी. माथेरानबद्दल लिहायचं माझ्या मनात नाही. हवा गार होती, मी वाचत होते, आईच्या पायांना लाल माती लागायची आणि ती ती कौतुकानं धुवायची. रोज जेवण झालं की अण्णा पोळीचा तुकडा हातात घेऊन क्षणभर इकडेतिकडे बघत, मग हसत आणि म्हणत, “तिकडे वाट बघत असेल लबाड.” त्यांचं त्या कुत्र्यांवर प्रेम नव्हतं असं म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. म्हणूनच मला राग येतो. निर्दय माणसाचा राग करून काय मिळतं?

परतलो ते तिसऱ्या प्रहरी. मावशी फाटकाशी उभी होती. तिच्या हातात जाळ्याची दोरी, दोरीच्या टोकाला म्हातारी. काळा नव्हता. आई दमणीतूनच म्हणाली, “तो कुठाय?” आणि मावशीनं खालचा ओठ दातांत धरला.

तिनं सांगितलं ते असं. आम्ही गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. तालुक्याहून हुकूम आला, दुपारी गावात दवंडी पिटली गेली: ज्या कुत्र्याच्या गळ्यात मालकाचा पट्टा नाही ते बेवारस समजलं जाईल आणि मारलं जाईल. दवंडी ऐकल्याबरोबर मावशी मासळी तशीच टाकून दोन दोऱ्या घेऊन आमच्याकडे धावत आली. म्हातारीच्या गळ्यात दोरी बांधली, ती मुकाट तिच्याबरोबर निघाली. मासळीचा नियम मोडून मावशीनं तिला कोळीवाड्यात नेलं आणि जाळी ठेवायच्या खोपटात बांधलं. काळा मात्र पायरीवरून हलेना. ओढला तर दात दाखवी. मग तिनं त्यालाही दोरी बांधली, दुसरं टोक ओटीच्या खांबाला बांधलं, पुढे भात ठेवला. पुन्हा मासळी उचलायला जाणं तिला भाग होतं. सकाळी उजाडता आली तर दोरी चावून तोडलेली, आणि काळा आमच्या फाटकाबाहेर गल्लीत, पाय ताठ झालेले. मारायला आलेली माणसं तालुक्याची होती. ती आमच्या कुत्र्यांना ओळखत नव्हती. त्यांनी कुचल्याचं विष घातलेली तुपाची पोळी टाकली होती.

मावशीनं त्याला रहाटाशेजारच्या माडाच्या बुंध्याशी स्वतः खड्डा खणून पुरलं.

तोवर फाटकाशी दहा-बारा माणसं जमली होती. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते रडले असते तर सगळंच वेगळं झालं असतं. पण त्यांना रडता येत नसे, त्यांना प्रश्न विचारता येत.

“पट्टे कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

मी शपथेवर सांगते, त्या क्षणी ते विसरले होते. खरोखर विसरले होते.

“पट्टे?” मावशी म्हणाली. “पट्टे कुटं व्हते अन्ना?”

“मुंबईहून आणलेले. पितळी पाटीचे. गळ्यात पट्टा असेल त्याला हात लावणार नाही, असं दवंडीत होतं ना?”

“व्हय.”

“म्हणजे पट्टा हवा हे तुला कळलं होतं.”

“व्हय.”

“म्हणून तू दोऱ्या आणल्यास.”

“व्हय, पन…”

“म्हणजे गळ्यात पट्टा नाही हे तुला आधीच ठाऊक होतं. हो की नाही?”

“ठाव व्हता की.”

“मग पट्टे गेले कुठे?”

गर्दीतून कुणीतरी हुंकार दिला. असा हुंकार कोर्टात उठतो तेव्हा वकिलाला कळतं की आपण जिंकलो. अण्णांनाही ते कळलं असणार. नवरा-बायकोच्या भांडणात, बांधाच्या वादात, मी त्यांचा हा आवाज माजघरातून ऐकलेला होता आणि मला त्याचा अभिमान वाटे. निरक्षर माणसाला ‘व्हय’, ‘व्हय’ म्हणायला लावत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर न्यायचं आणि शेवटच्या पायरीला खाली काही नसतं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. “बायला इचारा. बाय त्या दिवशी हितं व्हती. बाय, सांग गो. व्हते का पट्टे गल्यात?”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हातारीच्या गळ्यातल्या दोरीकडे बघत राहिले. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते: ते पेटाऱ्यात आहेत. माझ्या मनात आलं, इतक्या माणसांत अण्णांना खाली बघायला नको लावू या. आत जाऊन पेटारा उघडतील, तेव्हा त्यांना आठवेलच, मग तेच बाहेर येऊन सांगतील.

मी म्हटलं, “मला नक्की आठवत नाही.”

मावशीनं मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “बरा.”

आत गेल्यावर अण्णांनी चहाच्या तपेलीसाठी पेटारा उघडला. मी मागे उभी होते. पट्टे सगळ्यात शेवटी ठेवलेले, म्हणून सगळ्यात वर होते, अण्णांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून. उपरण्याचं टोक सुटलेलं होतं आणि पितळी पाटी दिसत होती. अण्णा वाकलेले तसेच राहिले. मग त्यांनी मागे वळून मला पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं.

“अण्णा, मावशी अजून फाटकाशीच आहे,” मी म्हटलं.

त्यांनी उपरणं नीट गुंडाळलं, तपेली काढली, झाकण लावलं. “दहा माणसांसमोर बोलून झालंय,” ते म्हणाले. “आणि आता सांगून कुत्रा काय परत येणार आहे? आईला चहा दे.”

मी चहा केला. माझ्या रागाचा अर्धा वाटा त्या चहाला आहे.

बाहेर मावशी म्हातारीला घेऊन अजून उभी होती. आई ओटीवर आली, तिनं नाकाला पदर लावला. म्हातारीच्या अंगाला सुक्या मासळीचा वास होता.

“तोंड धुतलाय मी तिचा वैनी. दोनदा,” मावशी म्हणाली.

आई रडत होती, पण तिनं मान हलवली. “आता नको. आता ती तुझीच.”

कुत्र्याला बाटवलं म्हणून म्हातारी घरात घ्यायची नाही, आणि न बाटता घर सांभाळत मेला त्याचा दोष बाटवणारीचा. आमच्या घराचा हा न्याय मी सोळा वर्षांची असताना पाहिला, आणि मी त्याच घरचं जेवले.

दोन दिवसांनी गडी परत आला, तेव्हा अण्णांनी त्याला सांगितलं, मावशीला वाडीत येऊ द्यायचं नाही. माझं तोंड बघून ते म्हणाले, “ती रोज समोर दिसली तर मला घरात राहता येणार नाही.” त्यांना वाटलं असावं, मला त्यांची दया येईल. आलीसुद्धा. त्या दयेची मला आज शिसारी येते. त्यांना घरात राहता यावं म्हणून तिच्या घरावरचं छप्पर गेलं.

कारण मे संपत आला होता. तिनं पावसाळ्यासाठी भिजत टाकलेल्या झावळ्या आमच्या तळीतच होत्या. गड्यानं त्या काढू दिल्या नाहीत, आणि स्वतःही काढल्या नाहीत. श्रावणापर्यंत त्या कुजून तळीला वास सुटला. बाकीच्या दोन वाड्यांच्या मालकांनीही तिला बंद केलं. वकिलांनी काढून टाकली म्हणजे काहीतरी असणारच. गावात बोललं जाऊ लागलं की वकिलांच्या कुत्र्यांचे पितळी पट्टे तिनं विकून खाल्ले. मासळीच्या बाजारात तिला बायका विचारत, “काय गो, पट्ट्यांचं पितळ शेराला काय भावानं?” हे मला गड्यानंच हसत हसत सांगितलं.

म्हातारी दोन वर्षं जगली. मावशी किनाऱ्याच्या वाटेनं जाताना ती बरोबर असे. आमच्या फाटकाशी थांबे, आत बघे. मावशी थांबत नसे. मग म्हातारीही जाई. अण्णा ओटीवर असले तर त्या वेळी उठून आत येत. त्यांनी पुन्हा कुत्रं पाळलं नाही. रहाटाजवळच्या त्या माडाची शहाळी सगळ्यांत गोड असत, मी ती कधी प्यायले नाही. आणि एवढ्यावरच मी स्वतःला चांगली समजत होते.

आई पाच वर्षांनी गेली. मी तालुक्याला शाळेत लागले. आणि नऊ पावसाळे झाल्यावर, गेल्या पौषात, अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यात ते बोलत होते, शुद्धीवर होते. मला वाटलं ते आता तो विषय काढतील. त्यांनी वाडीच्या पाण्याची पाळी सांगितली, पुस्तकांची कपाटं कुणाला न देण्याबद्दल सांगितलं. पट्ट्यांबद्दल नाही. मी विचारलं नाही. मरणाऱ्या माणसाला असं काही विचारू नये म्हणतात. मग कुणाला विचारायचं?

तेराव्याच्या जेवणाला अंगणात मांडव घालायचा होता. आदल्या दिवशी सकाळी ओटीवर माझे काका, शेजारचे दोघंतिघं आणि गडी बसले होते. मी उंबऱ्यात होते.

“पन्नास-साठ झाप तरी लागतील,” काका म्हणाले.

गडी डोकं खाजवत म्हणाला, “झाप इणावा तं कोलीवाड्यातल्या मावशीनंच. पन…”

“ती?” शेजारचे म्हणाले. “अण्णांच्या कुत्र्यांचे पट्टे विकले ती ना? अहो, त्यांनी जन्मभर तिला वाडीत पाऊल ठेवू दिलं नाही.”

“आणि त्याच्याच दिवसांना तिचे झाप?” काका म्हणाले. “शोभेल का? खोटेपणाची त्याला किती चीड.”

मी उठले. पेटाऱ्याची चावी आता माझ्याकडे होती. उपरणं तळाला गेलं होतं, वर नऊ वर्षांची भांडी. मी भांडी काढून जमिनीवर ठेवत गेले. आवाज होत होता, कुणीतरी बाहेरून विचारलं, “काय शोधतेस गं?” मग पट्टे घेऊन बाहेर आले आणि ओटीवर त्यांच्यामध्ये ठेवले. चामडं कडक झालं होतं, पाटी हिरवी पडली होती, पण अक्षरं वाचता येत होती.

मी सांगितलं. सगळं. माझं ‘नक्की आठवत नाही’सुद्धा.

काका आधी पट्ट्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. “आज?” ते म्हणाले. “त्याचे तेरा दिवससुद्धा झाले नाहीत. आज सांगायचं होतं तुला?”

“नऊ वर्षांपूर्वी सांगायचं होतं.”

“मेलेल्या माणसावर आता कशाला?”

“ती जिवंत आहे,” मी म्हटलं.

पट्टे उचलून मी तशीच कोळीवाड्यात गेले. दुखवट्यातली बाई दारात आली म्हणून एक-दोघी मागे सरल्या. मावशी वाळूवर जवळा सुकायला पसरत होती. केस पांढरे झाले होते. मी पट्टे पुढे केले. तिनं हात पुसले नाहीत, घेतलेही नाहीत.

“पेटाऱ्यात होते मावशी. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मना पन ठाव व्हता,” ती म्हणाली.

“काय?”

“तुला ठाव हाय त्या. तू दोरीकरं बगत व्हतीस. खरा नसता ठाव, तं माज्याकरं बगितला असतास.” तिनं कावळ्याला खडा मारला. “बापाचा मना एवरा नाय लागला, बाय. वकील मानूस, बोलनारच. तू लिवायला शिकलेली पोर. मना वाटला, उद्या सांगंल. मंग वाटला, पाऊस परायच्या आंगोदर सांगंल. त्या साली घरात तीनदा चूल हलवली मी, जितं गलत नाय तितं. आता आलीस?”

मी म्हटलं, वाडीतल्या झावळ्या पहिल्यासारख्या तिच्या आहेत.

“नको. माजे पोरानं कौलं घातली.”

“मग मी काय करू?”

हे विचारताना मला वाटत होतं, ती म्हणेल, जाऊ दे. गरीब माणसं तसं म्हणतात अशी आपली समजूत असते. ती उठून उभी राहिली. तिची उंची माझ्याहून जास्त आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

“कुत्र्यांची दवंडी पिटली व्हती ना?” ती म्हणाली. “माजी पन पिटव. गल्लीगल्लीला. बाजारात. समद्यांना ऐकू येल अशी. मंग बोल माज्याशी.”

मी घरी परतल्यावर काकांनी मला जे काही ऐकवलं ते लिहीत नाही. गावच्या पाटलांकडे गेले, तर त्यांनी विचारलं, हरवल्या-सापडल्याची दवंडी असते, ही कसली? मी म्हटलं, सापडल्याचीच आहे, पट्टे सापडलेत. त्यांनी परवानगी दिली. दवंडीवाल्याला वाचता येत नव्हतं, मी त्याला वाक्यं पाठ करायला लावली. तो तीनदा अडखळला, प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, ‘वकिलांनी’ या शब्दाशी.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तो पुढे, मी चार पावलं मागे. बाजारात त्यानं चांगलं सांगितलं. वकिलांच्या कुत्र्यांचे पट्टे कुणी नेले नव्हते, ते वकिलांनी स्वतः पेटाऱ्यात ठेवले होते, त्यांच्या मुलीला हे ठाऊक होतं आणि ती खोटं बोलली, कोळीवाड्यातल्या बाईवर घेतलेला आळ खोटा आहे हो. मासळीवाल्या हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. कुणी हसलं नाही. कोळीवाड्याच्या तोंडाशी मावशी उभी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि आमच्याबरोबर येऊ लागली, माझ्याही मागून.

शेवटची गल्ली आमची. फाटकाशी आल्यावर दवंडीवाला थांबला. ओटीवर काका बसले होते, मांडव अजून उतरवलेला नव्हता. त्यानं डफावर टिपरू हळूच टेकवलं आणि दुखवट्याच्या घराशी बोलावं तसं खालच्या आवाजात सुरू केलं.

मी म्हटलं, “इथं मोठ्यानं.”